नऊ फूट दोन इंच

फीतबाईच्या डाव्या पोटरीवर कुत्र्याच्या दातांची खूण होती, भुवईत तीन टाके होते आणि उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी होती. ही सगळी कमाई नोकरीची. नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात कुंपणं आणि भिंती तपासायचं काम तिच्याकडे होतं. कुत्रा मालकाने मुद्दाम सोडला होता. भुवई फुटली ती खिडकीतून भिरकावलेल्या पेपरवेटने. करंगळी एका आजीबाईंनी लोखंडी गेटात चिरडली आणि वर विचारलं की गेट बंद होताना बोट मध्ये घालायला तुला कोणी सांगितलं होतं. मोजायची फीत कायम कमरेला, म्हणून लोक तिला फीतबाई म्हणायचे. समोर तेवढंच, मागे काय म्हणायचे ते तिला ठाऊक होतं.

नवरा वेल्डर होता. गेट आणि जाळ्या बनवायचा, पण बायकोच्या हद्दीतलं एकही काम घ्यायचा नाही. चौकशी करणाऱ्याला हसत सांगायचा, "मी गेट बसवणार आणि ही येऊन ते काढायला लावणार. नंतर एका ताटात जेवायचंय आम्हाला." बोलायला गोड माणूस. रागावलेला त्याला कोणी फारसा पाहिला नव्हता.

नियम फीतबाईला तोंडपाठ होते आणि खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला ती ते एकाच चालीत ऐकवायची. घरासमोर चार फुटांपर्यंत कुंपण घालायला कोणाला विचारायला नको. बाजूला आणि मागे सहा फुटांपर्यंत तसंच. सहाच्या वर गेलात की नकाशा आणि परवानगी. कोपऱ्यावरचं घर असेल तर वळणाजवळ तीन फुटांच्या वर काही नको, गाडीवाल्याला समोरचं दिसलं पाहिजे. आणि भिंत दोघांच्या हद्दीवर असेल तर दोघांच्या सह्या. या शेवटच्या नियमापाशी माणसं भडकायची. शेजाऱ्याशी पटत असतं तर भिंत कशाला बांधली असती, असं तिला शंभर जणांनी तरी विचारलं असेल.

फरशीवाल्याने तेच विचारलं, फक्त आवाज चढवून. तो आणि त्याच्या शेजारचा सुतार हे एकमेकांचे साडू. दोन बहिणींना शेजारी शेजारी राहायचं होतं, म्हणून लग्नानंतर चार वर्षांनी दोघांनी लागून प्लॉट घेतले. मध्ये नुसतं मेंदीचं कुंपण, त्यात जाण्यायेण्याची फट. दोन्ही घरांची चार मुलं त्या फटीतून दिवसभर ये-जा करायची, मावशीकडे जेवायची आणि आईकडे येऊन भूक नाही म्हणून सांगायची. पुरुषांचं मात्र पहिल्यापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. फरशी घासायच्या मशीनचं गढूळ पाणी सुताराच्या लाकडांखाली जायचं. लाकूड कुजलं. सुताराने नाली बुजवली. पाणी उलटं फिरलं आणि फरशीवाल्याच्या स्वयंपाकघरात घोट्याएवढं साचलं. त्यावर फरशीवाला पहार घेऊन गेला आणि त्याने सुताराच्या कारखान्याच्या पाचही काचा फोडल्या. सुताराने त्याला कामाच्या टेबलावर उताणा पाडला, गळ्यावर कोपर दाबला आणि पटाशीची धार गालावर टेकवली. गालातून रक्त आलं तेव्हा दोघी बहिणींनी मिळून सुताराचे केस धरून त्याला मागे ओढलं.

दुसऱ्या दिवशी फरशीवाला गालाला पट्टी लावून खिडकीशी उभा. अर्ज भरलेला, भिंतीची उंची नऊ फूट, शेजाऱ्याच्या सहीची जागा कोरी. फीतबाईने कागद परत सरकवला.

"तो माझ्या दारात आला तर मी त्याचे पाय तोडीन," फरशीवाला म्हणाला, "आणि तुम्ही मला त्याच्या दारात सही मागायला पाठवता?"

तिने समजावलं की स्वतःच्या हद्दीच्या आत एक फूट सरकून सहा फुटी भिंत बांधा, कोणाची सही नको, कसली परवानगी नको. नऊच हवी असेल तर आतसुद्धा नकाशा लागेल. पाया, खांब, सगळं दाखवावं लागेल.

"सहा फुटांवरून तो दिसतो मला."

"तुमचे साडू सहा फुटांच्या वर आहेत?"

"शिडीवर चढला की दिसतो."

मागे रांगेत कोणीतरी हसलं. फरशीवाल्याने वळून त्या माणसाच्या कानाखाली आवाज काढला आणि अर्ज चुरगाळून निघून गेला. मार खाणारा बिचारा पाण्याच्या नळासाठी आलेला होता.

त्याच दिवशी दुपारी धाकटी बहीण, म्हणजे सुताराची बायको, भाऊजी परवानगीशिवायच भिंत घालणार अशी तक्रार द्यायला आली. फीतबाईने तक्रार लिहून घेतली आणि चिठ्ठीवर घरचा नंबर दिला. असा नंबर ती सहसा देत नसे.

शनिवारी सकाळी फोन वाजला. फीतबाई केस धूत होती. ओल्या हातानेच तिने उचलला. धाकटी सांगत होती की विटांचा ट्रक आलाय, दोन गवंडी आलेत, मेंदी तोडून चर खणायला घेतलाय. कचेरी बंद आहे हे बघूनच भाऊजींनी दिवस धरलाय. तुम्ही येऊन नुसत्या उभ्या राहिलात तरी गवंडी थांबतील.

फीतबाईने घड्याळाकडे पाहिलं. आठवडाभर लोकांच्या शिव्या खाऊन तिचा जीव कंटाळला होता. ती म्हणाली, "सोमवारी सकाळी पहिली तुमच्याकडेच येते."

"सोमवारपर्यंत उभी राहील हो."

"उभी राहिली तर पाडता येते," फीतबाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सोमवारी नऊ वाजता ती पोचली. भिंत उभी होती. तीस फूट लांब, एकेरी विटांची, मध्ये एकही खांब नाही. तिने आधी सुताराच्या बाजूने माप घेतलं, मग रस्त्याने वळसा घालून फरशीवाल्याच्या गेटातून आत गेली आणि त्या बाजूने घेतलं. उंची नऊ फूट दोन इंच. पायाशी काडी खुपसून पाहिली तर चर वीतभरसुद्धा खोल नव्हता. ओळंबा सोडला, वरचा थर फरशीवाल्याच्या अंगणाकडे तीन बोटं झुकलेला. सांध्यातलं सिमेंट नखाने उकरलं तर वाळूसारखं सुटलं. असल्या भिंतीपेक्षा मेंदी मजबूत होती.

तिने सगळं वहीत लिहिलं, वेळ टाकली, आणि ओट्यावर उभ्या असलेल्या थोरल्या बहिणीला बजावलं की मुलांना इकडे फिरकू देऊ नका. थोरलीने मान हलवली. तिचे डोळे सुजलेले होते. मुलं शाळेत गेलीत, एवढंच ती बोलली. फीतबाईने काम थांबवून भिंत उतरवून घ्यायची नोटीस काढली आणि विटांवर चिकटवायला सुरुवात केली.

फरशीवाला घरातून बाहेर आला तो सरळ तिच्या अंगावरच. त्याने नोटीस फाडली, तिचा बोळा केला आणि तो फीतबाईच्या तोंडात कोंबायला लागला. तिने त्याचा हात चावला. तो ओरडला, मागे झाला, वाळूच्या ढिगातलं फावडं उपसलं आणि दोन्ही हातांनी फिरवलं. फावड्याची कड तिच्या उजव्या खांद्यावर बसली. गळ्याशेजारचं हाड मोडल्याचा आवाज तिने आतून ऐकला. ती गुडघ्यांवर आली. दुसरा फटका पाठीत. ती आडवी झाली तेव्हा त्याने बरगड्यांत लाथा घातल्या, तीन की चार, तिला मोजता आल्या नाहीत. आयुष्यभर मोजण्याचं काम केलेल्या बाईला ते पुढे फार दिवस खुपत राहिलं. लाथ घालताना तो नाकाने श्वास टाकत होता.

थोरलीने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. त्याने कोपराने तिचं नाक फोडलं. ती सुटली नाही. शेवटी तोच दमला, फावडं टाकलं आणि वाळूच्या ढिगावर जाऊन बसला. नवऱ्याचा राग केव्हा ओसरतो हे चौदा वर्षांत थोरलीला कळलेलं होतं. तिने फीतबाईला काखेत धरून ओढत गेटापर्यंत नेलं, खांबाला टेकवून बसवलं आणि स्वतःच्या नाकातलं रक्त बाहीने पुसत म्हणाली, "बाई, आता तो मारणार नाही. तुम्ही बसा, मी गाडी बोलावते."

तेवढ्यात पहिला घाव पडला.

भिंतीपलीकडे धाकटीने आरडाओरडा ऐकला होता. कारखान्यातल्या शिडीवर चढून तिने पाहिलं: फीतबाई जमिनीवर आणि भाऊजी लाथा घालतायत. ती किंचाळत खाली उतरली की ते बाईंना मारून टाकतायत. सुतार रस्त्याने धावत गेला असता तर पन्नास पावलांचा वळसा होता. त्याने घण उचलला आणि भिंतीवर घातला.

पहिल्या घावाने तीसच्या तीस फूट भिंत थरारली. वरून दोन विटा सुटून अंगणात पडल्या. थोरली वळली. फीतबाईने डाव्या हाताने तिची बाही धरायचा प्रयत्न केला. बोटांत कापड आलं आणि निसटलं. थोरली भिंतीकडे धावली. दोन्ही तळवे विटांवर आपटत ती ओरडली, "थांबा, मारणं संपलंय, थांबा." दुसरा घाव पडला. घणाच्या आवाजात पलीकडे काही ऐकू गेलं नसणार. तिसऱ्या घावाला भिंत कमरेत मोडली आणि वरचा अख्खा भाग झुकला होता त्याच बाजूला कोसळला.

धुरळा बसला तेव्हा मोकळ्या जागेत सुतार घण घेऊन उभा होता. तो फीतबाईला शोधत होता. ती त्याला गेटाशी बसलेली दिसली. मग विटांच्या ढिगातून बाहेर आलेला पाय दिसला. पायातली चप्पल त्याने ओळखली.

फरशीवाल्याने एक वीट उचलली, चालत गेला आणि साडूच्या जबड्यावर हाणली. हाड मोडलं, दोन दात पडले. सुताराने हात उचलला नाही. त्याने घण टाकला, गुडघे टेकले आणि विटा उपसायला लागला. मग फरशीवालाही त्याच्याशेजारी वाकला. दोघे विटा काढून मागे फेकत होते. सुताराच्या तोंडातून रक्ताची धार विटांवर सांडत होती आणि फरशीवाल्याची नखं उलटली होती. धाकटी पडलेल्या भिंतीवरून चालत आली आणि आक्का, आक्का म्हणत राहिली. थोरलीला बाहेर काढलं तेव्हा तिचा श्वास चालू होता. दवाखान्याच्या दारात तो थांबला.

फीतबाई अठरा दिवस दवाखान्यात खाटेवर होती. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा दुपारी उठून घरी गेला, तिथून हातभर लोखंडी सळई घेतली आणि फरशीवाल्याच्या घराकडे निघाला. फरशीवाला पोलिसांच्या ताब्यात आहे हे त्याला माहीत होतं. निदान दार तरी फोडीन, काचा तरी फोडीन, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. ओट्यावर थोरलीची दोन मुलं शाळेच्या कपड्यांत बसली होती. त्यातल्या मोठ्या मुलीने विचारलं, "काका, तुम्ही कोणाकडे आलात?" पत्ता चुकला, असं तो म्हणाला. घरी आल्यावर त्याने सळईचे तुकडे केले आणि बायकोला हे सांगताना भर वॉर्डात रडला.

मग धाकटी आली. अंगावर त्या सकाळचेच कपडे होते, की तसेच दुसरे, कोण जाणे. खाटेच्या कडेला बसून ती म्हणाली की सगळं तुमच्या हातात आहे. नवऱ्याचा वकील सांगतोय, घण पडला तेव्हा बाईंना मार चालूच होता एवढं बाईंनी सांगितलं तर माणूस सुटेल. जीव वाचवायला गेला आणि अपघात झाला.

"मार थांबला होता," फीतबाई म्हणाली.

"ह्यांना कुठे माहीत होतं?"

"ते मी सांगेन. पण मार थांबला होता."

"तुमच्यासाठी घण उचलला त्यांनी."

फीतबाईला माहीत होतं की ते खरं आहे. आणि ती भिंत फोडायला सुताराचे हात शनिवारपासूनच शिवशिवत होते, हेही तिला माहीत होतं, कारण मापं घेताना त्याने स्वतःच तसं म्हटलं होतं. धाकटी उठली आणि जाताना तिने पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकून मारला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी भिऊन उठून बसली.

खटल्यात फीतबाईची साक्ष दोन दिवस चालली. हात गळ्यात बांधलेला होता, वही डाव्या हाताने उघडायची. फरशीवाल्याच्या वकिलाने सिद्ध करायचा प्रयत्न केला की भिंत चांगली होती, घणामुळे पडली. तिने पाया, झुकाव, सिमेंट सगळं वाचून दाखवलं. सुताराच्या वकिलाने सिद्ध करायचा प्रयत्न केला की भिंत आपसूकच पडणार होती. ती म्हणाली, पडणार होती, पण त्या सकाळी नाही; वारा नव्हता, कोणी धक्का दिला नसता तर आणखी काही दिवस उभी राहिली असती. दोन्ही वकील तिच्यावर चिडले. मार कधी थांबला, पलीकडून काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं, हे तिने जसं होतं तसं सांगितलं.

शेवटी न्यायाधीशांनी जायला सांगितलं तरी ती उभीच राहिली. "अजून एक लिहून घ्या," ती म्हणाली. "शनिवारी मला फोन आला होता. मी गेले नाही."

तो प्रश्न कोणी विचारलेला नाही, असं न्यायाधीश म्हणाले.

"म्हणूनच सांगतेय."

फरशीवाल्याला तीन वर्षं झाली, सुताराला दीड. निकालानंतर बाहेरच्या जिन्यात धाकटी तिची वाट बघत उभी होती. तिने सगळ्यांदेखत फीतबाईच्या तोंडात मारली. "पाडता येते म्हणालीस ना?" ती म्हणाली आणि पुन्हा मारली. वेल्डर मध्ये पडायला गेला तर फीतबाईने त्याला कोपराने मागे सारला. तिसरी थप्पड धाकटीने मारली नाही. तिथेच पायरीवर बसून ती हमसून हमसून रडली. फीतबाई एक पायरी सोडून बसली. दोघींच्या मधून वकील आणि कारकून वर-खाली करत राहिले.

हाड वाकडं जुळलं. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. नवरा म्हणाला सोड ही नोकरी, साहेब म्हणाले टेबलाचं काम घे. तिने दोघांचंही ऐकलं नाही. उलट सुट्टीच्या दिवशीही एक माणूस कामावर हवा असा अर्ज केला. माणूस नाही म्हणून तो फेटाळला गेला. तेव्हापासून ती आपणहून शनिवारी हद्दीत चक्कर टाकायला लागली. बऱ्याच वेळा काही सापडायचं नाही. एकदा पत्र्याचं कुंपण ठोकणाऱ्या एका मास्तरांनी तिच्यावर उकळतं पाणी फेकलं. ते चपलेवर पडलं. कुंपण मात्र थांबलं.

चारही मुलं धाकटीने वाढवली. सुतार आधी सुटला. जेवायला बसला की मोडक्या जबड्यातून कटकट आवाज यायचा, आणि मुलं ताटं घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. कारखाना त्याने पुन्हा उघडला. त्यानंतर दीड वर्षाने फरशीवाला सुटला. तो आला त्या सकाळचं सगळं धाकटीने फीतबाईला खिडकीशी उभं राहून सांगितलं. आली होती ती नळाच्या जोडणीसाठी, पण बोलायला लागली आणि मागची रांग ताटकळली.

भाऊजी पिशवी घेऊन आले, ती म्हणाली, आणि घरात न जाता अंगण ओलांडून सरळ कारखान्यात गेले. मध्ये अडवायला काही नव्हतंच. हे रंधा मारत होते. भाऊजींनी ह्यांना बुक्क्यांनी मारलं, तोंडावर, पोटात. ह्यांनी रंधा खाली ठेवला आणि उभे राहिले. मी दारातून बघत होते. मी अडवलं नाही, बाई. मला वाटलं, मारू दे. दोघांनी मरेपर्यंत मारावं एकमेकांना, असंसुद्धा वाटलं. हे खाली पडले तेव्हा आक्काची मुलगी आली. ती आता माझ्या खांद्याला लागते. तिने बापाचा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, काकांना मारायचं असेल तर आधी मला मारा. आईचं नाक तुम्हीच फोडलं होतं, मला ठाऊक आहे." भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. तिला त्यांनी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मग?" फीतबाईने विचारलं.

"मग काय. बसले लाकडाच्या भुशात. मी ह्यांचं तोंड धुतलं. दुपारी मुलीने बापाला ताट नेऊन दिलं, त्यांच्या ओट्यावर."

ते एकमेकांशी बोलत नाहीत, असं धाकटीने सांगितलं. फरशीवाल्याचं मशीन बंद आहे, तो दुसऱ्याच्या हाताखाली जातो. मुलं दोन्ही घरांत झोपतात, जिथे झोप येईल तिथे. हाणामारी परत झाली नाही. होणारच नाही असं ती छातीठोकपणे सांगत नव्हती. भाऊजींचा आवाज चढला की ती अजून हातातलं काम टाकून बाहेर येते.

मागून कोणीतरी ओरडलं की बायकांच्या गप्पा संपल्या असतील तर रांग पुढे जाऊ द्या. धाकटीने वळून त्या माणसाकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. मग तिने नळाचा अर्ज पुढे सरकवला. नळाचं टेबल फीतबाईचं नव्हतं, पण तिने अर्ज घेतला, कोरी राहिलेली एक जागा दाखवली आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं.